मिलिमीटर आप्पांची उन्हाळी बाटली

सख्ख्या मेहुण्याच्या मयतीत, तिरडीला खांदा दिलेला असताना, "जरा खांदा बदला, साडेआठ व्हायलेत" असं म्हणून जो माणूस मागे फिरला आणि तडक घरी येऊन गच्चीवर चढला, त्याचं नाव रंगनाथराव. गाव त्यांना मिलिमीटर आप्पा म्हणतं. मार्च महिना होता आणि आकाशात औषधालाही ढग नव्हता. तरी आप्पांनी पाऊस मोजायची बाटली डोळ्यांसमोर धरली, ती कोरडी ठणठणीत असल्याची खात्री केली, वहीत ०.० लिहिलं आणि मग मसणवट्यात पोचले. तिथं कुणीतरी चिडून विचारलं तर म्हणाले, "शून्य बी मोजावंच लागतंय. न मोजता लिहिलेला शून्य म्हंजी खोटी साक्ष."

साक्ष हा त्यांचा आवडता शब्द, आणि त्यांचा कायमचा साक्षीदार मी. ताडकळसच्या बसथांब्याजवळ माझं औषधाचं दुकान आहे आणि दुकानाच्या भिंतीला भिंत लावून आप्पांचं घर. रोज सकाळी मी शटर वर करतो न करतो तोच आप्पा वही काखेत मारून हजर. "दादा, सही." मी म्हणायचो, "आप्पा, मी काही वर येऊन बघितलं नाही." तर म्हणायचे, "पाऊस पडला न्हाई हे तर बगितलं ना? मग करा सही." होळीपासून जूनपर्यंत, पाऊस पडला नाही याची साक्ष मी दरवर्षी नव्वद-शंभर वेळा दिलेली आहे. एवढ्या सह्या मी लग्नानंतर कशावरच केल्या नसतील.

आप्पा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना पावसाळ्यात रोज सकाळी गावोगावचे पावसाचे आकडे फोनवरून त्यांच्या टेबलावर यायचे आणि ते तक्ता भरायचे. पुढं आपोआप पाऊस मोजणारी यंत्रं आली आणि तक्ता बंद झाला. आप्पांचा बंद झाला नाही. त्यांनी जिल्ह्यातली सात माणसं जमवली. चारठाण्याचे एक गुरुजी, पाथरीचा एक मिठाईवाला, अशी. प्रत्येकाला स्वतःच्या हातानं बनवलेलं मापक दिलं, वर नरसाळं आणि खाली रेघा मारलेली बाटली. मग मोबाइलवर एक गट काढला. सकाळी साडेआठला प्रत्येकानं गावाचं नाव आणि आकडा टाकायचा. सुप्रभात नाही, गुलाबाची फुलं नाहीत, देवाचे फोटो नाहीत. पाथरीच्या मिठाईवाल्यानं एकदा संक्रांतीला तिळगुळाचा फोटो टाकला, तर आप्पांनी खाली लिहिलं, "सदर मजकुराचा पर्जन्याशी संबंध नाही. पुनश्च असे होऊ नये."

बोलायला ते आपल्यासारखेच, पण लिहायला बसले की अंगात कचेरी संचारते.

आता बाटलीचं सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते बाटलीमुळं. आप्पांच्या प्रत्येक मापकाला दोन बाटल्या. पावसाळ्यात मोठी आणि उन्हाळ्यात लहान. लहान बाटली बारीक, तिच्यावर रेघा दाट, आणि पन्नास मिलिमीटरला ती काठोकाठ भरते. "उन्हाळ्यात पडतोय चमचाभर. चमचा मोजायला घागर कशाला?" असं आप्पांचं म्हणणं. होळीच्या दिवशी सगळ्यांनी लहान बाटली लावायची आणि मृग लागला की मोठी. या दोन तारखा त्यांनी ठरवलेल्या आणि त्या दगडावर कोरलेल्या.

आणखी एक नियम होता. आप्पा अंदाज सांगत नसत. कुणी विचारलं, "आप्पा, उद्या पडंल का?" तर ठरलेलं उत्तर, "पडंल ते देवाचं. पडलं ते माझं." शेतकरी पेरणीच्या वेळी हातापाया पडले तरी हा माणूस पुढचं अक्षर बोलायचा नाही. लोकांना वाटायचं, म्हातारा आखडू आहे. मला कारण माहीत होतं, कारण त्यांच्या लेकीच्या लग्नात मी जेवायला होतो.

आप्पांना एकच मुलगी, अश्विनी. आई ती दहावीत असताना गेली, त्यानंतर घरात दोघंच. ही पोर बापाबरोबर गच्चीवर जाऊन बाटली वाचायची, आणि बापापेक्षा चांगली वाचायची. चार वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा कोथळवाडीचा, नाव बालाजी. गाव इथून नऊ किलोमीटर, हळदीची चांगली शेती. मांडव मोकळ्या मैदानात घातला होता. लग्नाच्या सकाळी आप्पांनी ईशान्येला ढग बघितले आणि जाहीर केलं, "दुपारी दोनच्या आत धो-धो." मांडव मोडला. आख्खं लग्न कापसाच्या जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. मग ढग पांगले आणि ऊन असं तापलं की शेडमध्ये पापड भाजून निघाले असते. नवऱ्या मुलाचा मामा अक्षतांच्या आधीच चक्कर येऊन पडला. थेंब म्हणून पडला नाही.

पंगतीत व्याही किशनराव मोठ्यानं म्हणाले, "आमच्या व्याह्यानं पाऊस असा पाडला, असा पाडला, की आमचा मामाच वाहून गेला!" चारशे माणसं हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. आप्पा पानावरून उठले. लेकीच्या पाठवणीच्या वेळी ते गच्चीवर होते. अश्विनी गाडीपाशी अर्धा तास थांबली, मग स्वतः वर गेली. आप्पा तिला म्हणाले, "जे घर माझ्या मापावर हसतंय तिथं मी पाय ठिवणार न्हाई." ती म्हणाली, "नका ठिवू." आणि उतरली. बापाचा पीळ लेकीत पुरेपूर उतरलेला. त्या दिवसापासून दोघांत फोन नाही, निरोप नाही, सणवार नाही.

नंतर एक गंमत झाली. लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच चारठाण्याच्या गुरुजींनी गटात लिहिलं, कोथळवाडीहून एक भगिनी नोंदी द्यायला तयार आहेत, त्यांना मापक मिळावे. भगिनी कोण ते गुरुजींना माहीत होतं आणि आप्पांनाही. आप्पांनी दोन दिवस खपून मापक बनवलं, आजवर बनवलेल्यांत सगळ्यात देखणं, आणि दुधाच्या गाडीवाल्याबरोबर पाठवलं. सोबत वापराच्या सूचनांचा कागद होता. पत्र नव्हतं.

तेव्हापासून रोज साडेआठच्या ठोक्याला गटात यायचं, "कोथळवाडी ०.०." त्याखाली आप्पांचं, "नोंद घेतली." पावसाळ्यात, "कोथळवाडी २३.४." "नोंद घेतली." बापलेकीचं बोलणं म्हणाल तर एवढंच. मी एकदा म्हणालो, "आप्पा, एखादा फोन करा की." त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आकडा येतोय ना रोज? म्हंजी बरी हाय."

लग्नाला चार वर्षं होत आली, त्या वर्षीचा मे सुरू झाला तोच विचित्र. दर दोन दिवसांआड आभाळ भरून यायचं आणि पाऊस अवकाळीसारखा शिंतडून न जाता ठाण मांडून बसायचा. झाडाखाली कैऱ्यांचा खच. लोकांची हळद शिजवून वाळत घातलेली, ती रोज झाका, रोज उघडा. माझ्या दुकानात सर्दी-तापाची गिऱ्हाइकं श्रावणासारखी. गुरुजींनी गटात विचारलं, "मोठी बाटली लावावी काय?" आप्पांचं उत्तर, "मृग नक्षत्रास अवकाश आहे. लहान बाटलीच कायम ठेवावी." मी त्यांना म्हणालो, "आप्पा, पावसाला तुमची तारीख कळवली का?" तर माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट्यानं गोळ्या मोजायला लागलो.

आणि मग ती सकाळ आली. आदल्या संध्याकाळपासून रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी आठला थांबला. रस्त्यावर घोटाभर पाणी, वीज गेलेली. मी शटर वर केलं तर आप्पा अक्षरशः हसत आले. त्यांना हसताना मी फार कमी वेळा बघितलंय.

"दादा, पन्नास! पूर्ण पन्नास! मे महिन्यात! करा सही."

मी जांभई देत सही केली. तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर आकडे यायला लागले. चारठाणा पन्नास. पाथरी पन्नास. अजून एक पन्नास. आप्पांचे डोळे मोठे होत गेले. "जिल्हाभर सारखा पाऊस! असा सारखा पाऊस बापजन्मात बगितला न्हाई. एका मापानं वाटलाय बगा देवानं!" मलाही कौतुक वाटलं. दोन शहाणी माणसं दुकानात उभी राहून देवाच्या वाटपाचं कौतुक करत होती, आणि दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

शेवटी कोथळवाडीचा आकडा आला. "कोथळवाडी ५० +."

आप्पांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी लिहिलं, "आकडा स्पष्ट लिहावा. अधिक चिन्ह ग्राह्य नाही."

मग चार वर्षांत पहिल्यांदा कोथळवाडीहून आकड्याशिवाय काहीतरी आलं. "ओढ्याला पाणी वाढतंय. आम्ही सगळे आखाड्यावर आहोत. वर गावात शाळेत जावं का?"

आखाडा म्हणजे शेतातलं घर. हळदीच्या दिवसांत किशनरावांचं आख्खं कुटुंब ओढ्याकाठच्या आखाड्यावर मुक्कामाला असतं, हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. पुन्हा उचलला. दहा मिनिटं ते लिहीत होते, खोडत होते. मग मला दाखवलं, "शब्द बराबर हायत का बगा." मी वाचलं. "पन्नास मिलिमीटरमध्ये सदर ओढा पात्र सोडत नाही. काळजीचे कारण नाही. मुलीस थंडीत बाहेर काढू नये."

मुलगी म्हणजे अश्विनीची अडीच वर्षांची पोरगी. आप्पांनी तिला अजून बघितलेलं नव्हतं. मी म्हणालो, "आप्पा, हे पुढचं सांगणं झालं की." ते म्हणाले, "हे मापावरून हाय. अंदाज न्हवं." आणि पाठवून दिलं.

लगेच उत्तर आलं. "ठीक आहे बाबा."

गटात, सगळ्यांसमोर, बाबा. आप्पांनी मोबाइल खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. मला म्हणाले, "च्या सांगा दोन." स्वतःहून चहा सांगणारे आप्पा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. त्यांना एवढं खूश बघून मलाच बरं वाटलं.

चहा यायच्या आत कोपऱ्यावरच्या गयाबाई तापाची गोळी न्यायला आल्या. लुगडं वर खोचलेलं, तोंडानं पावसाला शिव्या. "रिकामी बादली अंगणात राह्यली व्हती माझी, तर सकाळी बगते तर अर्धी!"

आप्पांचा हात हवेत थांबला. "अर्धी म्हंजी किती?"

"ही एवढी," म्हणून गयाबाईंनी वीत दाखवली.

"पत्र्याखाली व्हती का? पागोळ्याचं पाणी पडलं आसंल."

"कशाचा पत्रा? मधोमध अंगणात, उघड्यावर. का वो आप्पा?"

आप्पांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं ते मला स्पष्ट दिसलं. ते पळत जिना चढले. या वयात त्यांना पळताना बघून मीही मागे गेलो. त्यांनी सकाळी मोजून रिकामी केलेली बाटली उचलली आणि मला म्हणाले, "दादा, सकाळी ही गळ्यापस्तोर भरलेली व्हती. भाईर वघळ व्हते. मी बगितले आन् पुसून टाकले." त्यांनी रेघांवर बोट फिरवलं. "सारखा पाऊस न्हाई पडला वो. बाटल्या सारख्या हायत. समद्या भरून वाहिल्या. पन्नास न्हाई हा, दीडशे बी आसंल, दोनशे बी आसंल. भरल्यावर बाटली काय सांगणार?"

आणि लगेच दुसरं वाक्य, "पोरीनं अधिक लिव्हलं व्हतं. तिला कळलं व्हतं. आन् म्या तिलाच खडसावलं."

त्यांनी फोन लावला. चार वर्षांनी पहिला फोन, आणि पलीकडून बाईचा आवाज आला तो कंपनीचा. संपर्क होत नव्हता. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वीज नाही म्हणजे तिकडचा टॉवर बंद पडला असणार. बालाजीचा नंबर माझ्याकडं होता, तोही लागेना. आप्पांनी गटातला तो निरोप पुसून टाकला. मग माझ्याकडं बघून विचारलं, "आता तिला ते दिसणार न्हाई ना?" मी खरं काय ते सांगितलं. जो तिनं वाचला, तो वाचला. आता पुसून उपयोग नव्हता.

"गाडी काढा," आप्पा म्हणाले.

मी दुकान तसंच उघडं टाकून मोटारसायकल काढली. आप्पांनी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरली होती. वही कशाला, असं विचारायची ती वेळ नव्हती. नऊ किलोमीटरचा रस्ता आम्हाला तासभर लागला. दोन ठिकाणी रस्त्यावर पाणी होतं, तिथं गाडी ढकलत नेली. एरवी वाटेत प्रत्येक नाल्याचं माप सांगणारा माणूस अवाक्षर बोलत नव्हता. फक्त माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात मधूनमधून आवळायचा. मला सारखं वाटत होतं, की सकाळी सही करताना एकदा, फक्त एकदा, मी ती बाटली डोळे उघडून बघितली असती तर.

कोथळवाडीच्या अलीकडं ओढ्यावर फरशीपूल आहे. म्हणजे असतो. त्या दिवशी तिथं पूल नव्हता, लाल गढूळ पाणी होतं आणि त्यातून बाभळीचं एक झाड मुळासकट चाललं होतं. पाण्याचा आवाज असा, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. पलीकडं डाव्या हाताला किशनरावांचा आखाडा. नुसता पत्रा दिसत होता. भिंती दिसत नव्हत्या.

पलीकडं माणूस नव्हता.

आप्पा चपला काढून पाण्याकडं निघाले. मी त्यांना मागून कंबरेला धरलं. "सोडा मला. म्या सांगितलं तिला. म्या सांगितलं, भाईर काढू नको म्हून." मी सोडलं नाही. अलीकडच्या काठावर दोन शेतकरी उभे होते, ते धावत आले आणि आम्ही तिघांनी त्यांना वर आणून एका दगडावर बसवलं. शेतकऱ्यांनाही पलीकडचं काही माहीत नव्हतं. "सकाळच्यानं कुणीच दिसलं न्हाई," असं एक जण म्हणाला आणि मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आप्पा पत्र्याकडं एकटक बघत बसले. वही माझ्या हातात आली होती. पिशवीत पाणी गेलंय का बघायला मी ती उघडली आणि उगाच पानं चाळली. गावांची नावं, आकडे आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. इतर गावांपुढं तो रिकामा, कुठं "नरसाळ्यात पान अडकले" एवढंच. कोथळवाडीपुढं मात्र बारीक अक्षरात काही काही लिहिलेलं होतं.

"०.०. कन्यारत्न झाले. वजन पावणेतीन किलो असे समजले."

"०.०. बाजारात लांबून दिसली. प्रकृती किंचित बारीक."

"११.२. नातीस गोवर."

"६.०. ताप उतरला असे दूधवाल्याकडून समजले."

"०.०. नात चालू लागली असे समजते. खात्री करणे."

साडेतीन वर्षांची पानं. प्रत्येक पानाखाली साक्षीदार म्हणून माझी सही. मी एकदाही वाचलं नव्हतं. मी वही मिटली. आप्पांना माझा चेहरा दिसू नये म्हणून मी आखाड्याकडं तोंड करून उभा राहिलो.

तेवढ्यात पलीकडच्या चढावर एक माणूस दिसला. त्यानं आम्हाला बघितलं आणि तो उतरत काठापर्यंत आला. बालाजी होता. दोन्ही हात तोंडाशी धरून तो ओरडला. पहिल्यांदा काहीच कळलं नाही. दुसऱ्यांदा अर्धं कळलं. तिसऱ्यांदा कळलं, "समदे शाळेत हायत! पोरगी बी!"

आप्पा उठले नाहीत. दगडावर बसल्या बसल्याच दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडले. शेतकरी बिचारे दुसरीकडं बघायला लागले.

दुपारनंतर पाणी उतरलं. पूल दिसायला लागला आणि ओढ गेली तेव्हा एक ट्रॅक्टरवाला पलीकडं निघाला, त्याच्या मडगार्डवर बसून आम्ही गेलो. शाळेच्या व्हरांड्यात किशनरावांचं बिऱ्हाड पडलं होतं. भिजलेल्या हळदीची पोती, दोन शेरडं, कोपऱ्यात पेटवलेली चूल. अश्विनी चुलीपुढं होती. तिनं बापाला बघितलं आणि नजर परत चुलीकडं वळवली.

अश्विनीची सासू बोलकी. तिनं मला पाण्याचा तांब्या देता देता सगळं सांगून टाकलं. "मी सकाळीच म्हणत व्हते, चला वर. तर ही म्हणली, माझ्या बाबानं मोजून सांगितलंय, ओढा येत न्हाई म्हंजी न्हाई येत. मालक बोलले, तुझ्या बाबाचं माप आमी लग्नात बगितलंय. तर त्येंच्यावर आशी तडकली! म्हणली, माझ्या बाबाच्या मापाला नाव ठिवायचं न्हाई. मंग काय, बसलो समदे. गोठ्यात पाणी शिरलं तवा पळालो. पोरीला बालाजीनं डोक्यावर घेतलं. दोन वासरं ऱ्हायली ती ऱ्हायलीच."

चार वर्षं जिनं बापाशी शब्द टाकला नाही, तिनं बापाच्या शब्दासाठी आख्खं घर ओढ्यात बसवून ठेवलं होतं. मी आप्पांकडं बघितलं. मला वाटलं हा माणूस इथंच कोसळतो.

ते कोसळले नाहीत. किशनराव पोत्याला टेकून बसले होते, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. अंगावरचे कपडे चिखलानं माखलेले, पाय अनवाणी, चपला ताडकळसच्या बाजूच्या काठावरच राहिलेल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "व्याही, माझं चुकलं. बाटली लहान व्हती आन् मी तिच्यावर भरवसा ठिवला. पोरीचा आकडा बराबर व्हता. तिचं खरं व्हतं, माझं खोटं. तुमची वासरं माझ्यामुळं गेली."

आता किशनराव काय बोलतात, याची मला धास्ती. या माणसाची जीभ मी पंगतीत ऐकलेली. किशनराव बाजूचं पोतं हातानं सारून म्हणाले, "बसा."

आप्पा बसले. अश्विनीनं चहाचा पेला आणून त्यांच्यासमोर जरा आपटूनच ठेवला. "चार वर्सं पाऊस पुसलात. मला एकदा तरी पुसलं का, कशी हाईस?"

"पुसायला यीत न्हवतं मला," आप्पा म्हणाले.

ती तोंडाला पदर लावून आत वर्गात गेली. व्हरांड्यातच पलीकडं, जुन्या चादरीवर अडीच वर्षांची पोरगी अंगाचं मुटकुळं करून झोपली होती. आप्पा तिच्याकडं बघत होते, पण हात लावायचा त्यांना धीर होत नव्हता.

पश्चिमेला पुन्हा काळं व्हायला लागलं होतं. वारं पडलेलं. व्हरांड्यातली सगळी माणसं एकेक करून तिकडं बघायला लागली आणि मग, का कुणास ठाऊक, सगळ्यांच्या नजरा आप्पांकडं वळल्या. किशनरावांनीच विचारलं, आणि त्यात थट्टा नव्हती. भ्यालेल्या माणसानं विचारावं तसं विचारलं, "व्याही, तुमाला काय वाटतंय? आज पुन्हा यील का?"

आप्पांनी आभाळ न्याहाळलं.

"मला म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "पर आज मी हितंच ऱ्हातो."

अश्विनी वर्गाच्या दारात उभी होती. ती आली, झोपलेल्या लेकीला जरा भिंतीकडं सरकवलं आणि चादरीवर बापापुरती जागा केली.